चारही चाकांना ताकद, तरी गाडी रुतली: आधी काय घ्यायचं?

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी तो थोडक्यात सांगतो. गाडी दोन महिन्यांची, फोर-बाय-फोर, टायर कंपनीतून आलेले, हवा 33 पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप). सुट्टीच्या दिवशी आणखी तीन गाड्यांबरोबर तुम्ही चिखलाच्या वाटेवर गेलात आणि एकाच टप्प्यात दोनदा रुतलात. तेव्हा पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक भिरभिरत होतं, बाकी दोन गप्प होती. तुमच्यामागून आलेली जुनी, कमी ताकदीची, काहीही बदल न केलेली गाडी त्याच चाकोरीतून निघून गेली. आता एक सोबती म्हणतो लिफ्ट किट (गाडीची बॉडी उंच करणारा संच) बसवा, दुसरा म्हणतो मड टायर (चिखलासाठीचे मोठ्या खवल्यांचे टायर) घ्या, तिसरा म्हणतो विंच (गाडीवर बसवलेलं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र). तुम्ही विचारलंय, यातलं आधी काय.

पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "चारही चाकांना ताकद जात असताना गाडी अडकतेच कशी?" माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. याचं उत्तर हाती आलं की खरेदीचा क्रम आपोआप लागतो.

मी अठरा वर्षं महिन्यातल्या दोन तरी सुट्ट्या अशा वाटांवर घालवतो, आणि त्यातली बरीच वर्षं नव्या लोकांना चालवायला शिकवतोय. आजवर जेवढ्या गाड्या रुतताना पाहिल्या त्यातल्या बहुतेकींच्या टायरमध्ये हवा जास्त होती आणि चालवणाऱ्याचा उजवा पाय घाईत होता. अर्थात माती कोणती, गाडीचं वजन किती, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, ट्रॅक्शन कंट्रोल आहे का, यावर बरंच ठरतं. चिखलात जे चालतं ते वाळूत अंगाशी येऊ शकतं. जिथे असा फरक पडेल तिथे तसं सांगत जातो.

आधी ताकदीचं बघू. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर एक तरी घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. साधं, म्हणजे ओपन डिफ दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतं. गोम इथेच आहे. एक चाक गुळगुळीत चिखलात असेल तर त्याला फिरवायला जेवढा थोडका जोर पुरतो, तेवढाच जोर टणक जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला मिळतो. इंजिनात ताकद कितीही असो, ती सगळ्यात निसटत्या चाकाच्या मापानेच वाट्याला येते.

फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) किंवा फोर-लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग पण जास्त जोर) टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जोडते. पण प्रत्येक अ‍ॅक्सलच्या आतलं डिफ मोकळंच राहतं. त्यामुळे पुढचं एक आणि मागचं त्याच्या तिरकस समोरचं, अशी दोन चाकं हलकी झाली की गाडी उभी राहते. तुमचं पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक फिरत होतं, म्हणजे नेमकं हेच झालं. चाकोऱ्या दोन बाजूंना कमी-जास्त खोल असल्या की हमखास होतं. गाडीत बिघाड नाही, ही तर चांगली बातमी.

(याच जोडणीमुळे, तुमची गाडी पार्ट-टाइम प्रकारची, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणारी, असेल तर, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये चालवू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मध्ये डिफ नसल्याने तो ताण गिअरच्या दातांवर आणि शाफ्टवर साठत जातो. मातीत चाक किंचित घसरून तो ताण सोडतं, डांबरावर सोडू शकत नाही.)

आता बऱ्याच गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल असतं. रिकामं फिरणारं चाक ओळखून ते त्यालाच ब्रेक लावतं. ब्रेक लागला की त्या चाकाला फिरवायला जास्त जोर लागतो, आणि डिफच्या नियमानुसार तेवढाच जास्त जोर पलीकडच्या चाकाला मिळतो. गंमत अशी की हे काम करतं तेव्हा खालून खर्रखर्र आवाज येतो, पेडल थरथरतं, आणि नवखा माणूस दचकून पाय उचलतो. पाय उचलला की ते थांबतं. अशा वेळी रेस वाढवायची नाही, सोडायचीही नाही. तीन सेकंद पाय आहे तिथे स्थिर धरा. पुष्कळदा गाडी एक हिसका देऊन पुढे सरकते. तीन सेकंदांत नाही सरकली तर मात्र थांबा. काही गाड्यांत हीच यंत्रणा इंजिनची ताकदही कापते. खोल चिखलात किंवा वाळूत ते नडतं, म्हणून तेवढा भाग बंद करायची सोय असते. तुमच्या गाडीत काय आहे ते तिच्या पुस्तिकेत नीट वाचा. लोक ती पानं वाचत नाहीत आणि मग बाहेरच्या सल्ल्यांवर चालतात.

आता टायरमधली हवा. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या दुखण्यावरचं निम्मं औषध इथे आहे.

कागदावरचा हिशेब करून बघा. गाडी 1800 किलोची धरली तर एका चाकावर साधारण 450 किलो. 33 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो. म्हणजे टायरचा जमिनीला टेकलेला भाग 195 चौरस सेंटिमीटरच्या आसपास, तळहाताहून थोडा मोठा. हवा 18 पीएसआयवर आणली तर तोच भाग 355 च्या घरात जातो. प्रत्यक्षात टायरच्या बाजू स्वतः थोडा भार पेलतात, त्यामुळे फरक इतका भरत नाही, पण दिशा हीच. हा वाढलेला भाग बहुतेक लांबीत वाढतो, रुंदीत फार नाही. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांब पावलाने चालतो, मऊ मातीत कमी खचतो आणि दगडावरून जाताना दगडाचा आकार धरतो.

एकदा हे डोळ्यांनी बघाच. टायरशेजारी उकिडवे बसा, व्हॉल्व्हची टोपी खिशात टाका (जमिनीवर ठेवलेली टोपी परत सापडत नाही), पिन दाबा आणि टायरच्या कडेकडे बघत राहा. पहिले चार-पाच पीएसआय जाईपर्यंत काहीच दिसत नाही. 25 च्या खाली गेल्यावर जमिनीलगतची बाजू हळूच फुगायला लागते. 18 ला ती स्पष्ट पोटासारखी दिसते आणि पुढून-मागून बघितलं तर टायर जिथे जमिनीला लागतो तिथली फट मिटलेली असते. नवीन लोक इथे घाबरतात, पंक्चर झाल्यासारखं वाटतं त्यांना. तो दिसणारा फुगवटा म्हणजेच पकड.

मी वापरतो ते आकडे असे: खडी आणि कच्चा रस्ता असेल तर 26 ते 28, खडकाळ वाट आणि चिखल असेल तर 18 ते 22, मऊ वाळू असेल तर 15 ते 18. जड गाडीला यात थोडे वाढवा, हलक्या गाडीला थोडे कमी चालतील. 12 च्या खाली जायचं नाही, कारण वळताना टायरची कड रिमवरून निसटू शकते. कमी हवेवर वेग कमी ठेवायचा. 18 ला मी ताशी 40 किलोमीटरच्या वर जात नाही आणि झटक्यात वळत नाही. डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरायची, मग निघायचं. कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडतो, तापतो आणि आतून फाटतो. आणखी एक बारकावा: हवा थंड टायरवर मोजा. तापमान 5 ते 6 अंशांनी वाढलं की साधारण 1 पीएसआय वाढतो. दोन तास हायवेवर पळून आलेल्या टायरचा आकडा फसवा असतो.

आता ती जुनी गाडी का निघाली? मी तिथे नव्हतो, पण अंदाज करतो. चालवणाऱ्याने आधी उतरून चाकोरी पाहिली असेल, लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-लोमध्ये, फर्स्टऐवजी सेकंड टाकला असेल, आणि एका लयीत, क्लचला हात न लावता, म्हणजे पायच न लावता, पलीकडे गेला असेल. चिखलात फर्स्ट लो बहुधा चुकतो. त्यात चाकाला इतका जोर मिळतो की पाय जरा दबला तरी ते सुटतं. सेकंड लोमध्ये, कधी थर्डमध्ये, चाक आटोक्यात राहतं आणि गाडीला थोडी गतीही मिळते. मध्येच गिअर बदलायला क्लच दाबलात की चिखल त्या अर्ध्या सेकंदात सगळी गती खातो. ऑटोमॅटिक असेल तर गिअर हाताने सेकंडला अडकवून ठेवा, नाहीतर ती ऐन वेळी बदलते. खडकांवर मात्र उलटं: तिथे फर्स्ट लो, चालण्यापेक्षाही कमी वेग, आणि एकेक चाक दगडावर जाणूनबुजून ठेवत जायचं.

ताकदीचा मुद्दा मनातून काढून टाका. 1941 पासून दुसऱ्या महायुद्धात धावलेल्या विलीज एमबी जीपचं इंजिन 60 हॉर्सपॉवरचं होतं, टायर अरुंद होते. ती जिथे जिथे गेली ती कमी वजन आणि लो गिअर यांच्या जोरावर. तुमच्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त ताकद आहे. ती सांभाळून सोडणं हेच शिकायचं आहे.

आणि रुतल्यावरचे पहिले दहा सेकंद. माझ्या मते शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. चाक रिकामं फिरायला लागलं आणि गाडी पुढे सरकत नाही, त्या क्षणी फक्त टायरचा खालचा भाग मातीत असतो. मागे निघायला तेवढं पुरेसं सोपं असतं. माणूस मात्र जोरात रेस देतो. प्रत्येक फेऱ्याला चाक माती मागे उडवतं, खड्डा खोल होतो, आणि थोड्याच वेळात डिफचा गोळा (डिफ ज्यात असतं तो खालचा फुगीर भाग) किंवा चेसिस मधल्या वरंब्यावर टेकते. आता गाडीचं वजन चाकांवर नाही, पोटावर आहे. जगातला कुठलाही टायर अशा वेळी काही करू शकत नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही रुतलात तेव्हा "बराच प्रयत्न केला" असं लिहिलंय. तो प्रयत्नच गाडीला खाली घेऊन गेला असणार.

म्हणून चाक फिरलं की पाय काढा. स्टिअरिंग सरळ करा, वळलेली चाकं नांगरासारखी माती रेटतात. रिव्हर्स लो टाका आणि आलात त्याच चाकोरीतून हलकेच मागे या. ती माती तुमच्याच वजनाने दाबली गेलेली असते, पकड देते. मागे येताना स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवलं तर टायरच्या कडा चाकोरीच्या भिंतीला धरतात. चाकाचा एक फेरा झाला तरी गाडी हलली नाही तर इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा, उतरा. डिफखालची माती आधी काढायची, मग चाकांसमोरची उतरती करायची. हवा आणखी दोन-तीन पीएसआय सोडा. चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड (पकड देणाऱ्या खडबडीत फळ्या), नाहीतर चपटे दगड. फावड्याने वीस मिनिटं खोदलेलं दोन तासांचं ओढणं वाचवतं. शिवाय जमीनही कमी उकरली जाते. आपल्यामागून येणाऱ्यांना आणि त्या वाटेला तेवढं देणं लागतो आपण.

आता ओढण्याबद्दल. माणसाच्या जिवाला खरा धोका या खेळात इथे असतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गाडीला पट्टा लावला तो पुढच्या बंपरखालच्या कडीला. ती कडी ओढण्यासाठी नव्हती. गाडी ट्रकवर बांधून नेताना तिला दोर लावतात. पट्टा ताणला, कडी उपटली आणि माझ्या गाडीच्या मागच्या काचेतून आत येऊन सीटच्या पाठीत रुतली. त्या सीटवर कोणी नव्हतं. तेव्हापासून कडीचा रेटिंग आकडा वाचल्याशिवाय मी पट्टा लावत नाही.

ट्रेलर ओढायचा टो बॉल तर यासाठी कधीच वापरू नका. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो, आणि अशा अपघातांत माणसं मेली आहेत. चेसिसला बोल्ट केलेले, रेटिंग असलेले रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढण्यासाठीचे हूक) पुढे आणि मागे हवेत. 19 मिलिमीटरचा, 4.75 टन लिहिलेला शॅकल (पट्टा अडकवायची पिनेची कडी) बहुतेक गाड्यांना पुरतो. पट्टा नायलॉनचा, ताणला जाणारा घ्या, दोन गाड्यांतल्या हलक्या गाडीच्या भारासहित वजनाच्या दोन ते तीन पट ताकदीचा. तो साधारण 20 टक्के लांबतो आणि ती साठलेली ताकद गाडीला झटक्याविना बाहेर खेचते. ओढणाऱ्याने चालण्याच्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने निघायचं. वेग दुप्पट केला की पट्ट्यात शिरणारी ऊर्जा चौपट होते. पट्ट्यावर मध्ये ओली गोणी किंवा जाड जॅकेट टाका, बाकी सगळ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांबीपलीकडे उभं करा. आणि खुणा एकाच माणसाने करायच्या. चौघे चार बाजूंनी ओरडायला लागले की मी काम थांबवतो.

आता तुमच्या यादीकडे येऊ. हवा मोजायचा चांगला गेज आणि हवा भरायचा कंप्रेसर, हे पहिलं. त्याबरोबर फावडं. त्यानंतर रिकव्हरी पॉइंट, दोन शॅकल, पट्टा. एवढ्यावर सहा महिने काढा. पुढचा खर्च टायरवर, आणि तोही बहुधा मड टायरवर नाही. आठवड्यातले पाच-सहा दिवस गाडी डांबरावर असेल तर ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे टायर) घ्या. मड टायर ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर घेतो, आवाज करतो, आणि वाळूत तर त्याचे मोठे खवले खोदायचंच काम करतात. दर सुट्टीला चिखलच असेल तर गोष्ट वेगळी. माप कंपनीचंच ठेवा. टायरच्या बाजू मजबूत असलेला प्रकार बघा, कारण हवा कमी केल्यावर दगडाने फाटते ती बाजूच.

विंच एकट्याने जाणाऱ्याला लागतो. तुम्ही चार गाड्यांनी जाता, मग घाई नको. पुढे घेतलाच तर भारासहित वजनाच्या दीडपट क्षमतेचा घ्या, आणि हे ध्यानात ठेवा की लिहिलेली क्षमता ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरलेला असताना मिळते. वर थर जास्त असतील तर ओढ कमी. विंचच्या आधी मागच्या डिफचा लॉकर परवडत असेल तर माझं मत लॉकरला. तुमचा अडथळा नेमका तिरकस चाकांचा होता, आणि लॉकर दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवतो. फक्त टणक जमिनीवर वळताना तो काढायचा.

लिफ्ट किट सगळ्यात शेवटी. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत लिफ्ट लावल्याने बॉडी वर जाते, डिफचा गोळा होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायरचा व्यास वाढवावा लागतो, आणि त्याच्याही फक्त निम्मी उंची मिळते. बदल्यात गुरुत्वमध्य वर जातो, गाडी कडेवर झुकायला लागते, शाफ्टचे कोन बिघडतात. लिफ्टचा फायदा होतो खरा, पुढच्या-मागच्या आणि पोटाच्या कोनांना, पण त्याची गरज आहे का हे तुम्हाला वर्षभर चालवल्यावर, गाडी कुठे कुठे घासते ते पाहिल्यावर कळेल.

चढ आणि पाणी तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या खेपेला लागेलच, म्हणून तेवढंच सांगतो. चढ-उतार सरळ रेषेत करायचे, आडवं वळायचं नाही. चढावर गाडी बंद पडली तर ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स लो टाका आणि इंजिनच्या ब्रेकवर सरळ मागे या. न्यूट्रलमध्ये कधीच नाही. वाहत्या पाण्यात आधी काठी घेऊन पायी जा. पायी उतरायला भीती वाटते तिथे गाडी घालायची नाही. 60 सेंटिमीटर खोल वाहतं पाणी मोठ्या एसयूव्हीसुद्धा वाहून नेतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. परत आल्यावर रिमच्या आतला चिखल धुवा, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरेल, आणि चाकांचे नट तपासा.

पुढच्या सुट्टीला एक करून बघा. लांब जायचं नाही. सुट्या मातीचा एक छोटा चढ शोधा, पलीकडे सपाट जागा असलेला. तोच चढ 33, 25 आणि 18 पीएसआयवर, प्रत्येक वेळी सेकंड लोमध्ये, सारख्याच वेगाने चढा. एका सोबत्याला बाजूला उभं करून चाक पहिल्यांदा कुठे सुटतं तिथे काठी रोवायला सांगा. तीन काठ्यांमधलं अंतर मोजून ठेवा.

मग इथे कळवा: गाडी कोणती, टायरच्या बाजूवरचं पूर्ण माप, डिफ लॉक आहे का, आणि दुसऱ्यांदा रुतलात तेव्हा कोणता गिअर होता. सेकंड लो होता आणि पाय स्थिर होता असं निघालं तर माझा वरचा अर्धा अंदाज चुकला, मग टायर आणि लॉकरकडे आधी बघू.